जळलेल्या लॉकचं नोंदणीकार्ड

मराठी अक्षरं कोणाच्या मालकीची असतात, हा प्रश्न मला वयाच्या पन्नाशीपर्यंत कधी पडला नव्हता. तोवर मी गोंदियात टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवत होतो. रेल्वे लाइनीच्या अंगाला एक लांबट खोली, तिच्यात बारा लोखंडी टाइपरायटर. मालगाडी गेली की टेबलं थरथरायची आणि तीस शब्दांच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींच्या ओळी वाकड्या व्हायच्या. एखाद्या मशीनचा ‘क्ष’ तुटला तर रेल्वेतला एक फिटर तो घासून, डाग देऊन परत बसवून द्यायचा. त्यासाठी मशीन बनवणाऱ्या कंपनीची परवानगी घ्यावी लागत नसे. मशीन विकत घेतलं म्हणजे ते आपलं झालं, एवढा साधा हिशेब होता.

हा हिशेब बदलला तो मी डोळ्यांनी पाहिला. नुसता पाहिला नाही, बदलणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहिलो. म्हणून हे लिहितो आहे.

१९९९ साली गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा होऊन जिल्हा झाला. नवीन कचेऱ्या आल्या, नवीन पाट्या, नवीन शिक्के, नवीन लेटरहेड. सगळ्यांना मराठीत छापील कागद हवे होते आणि तेही कॉम्प्युटरवरचे. टाइपरायटरचं काम दोन वर्षांत निम्म्यावर आलं. तेव्हा एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं मला तिच्या मराठी सॉफ्टवेअरचा जिल्ह्याचा अधिकृत विक्रेता केलं. प्रमाणपत्र आलं. मी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं, देवाच्या फोटोच्या जरा वरच.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज तुम्ही मोबाइलवर मराठी लिहिता आणि ते दुसऱ्याच्या मोबाइलवर मराठीतच दिसतं, तसं तेव्हा नव्हतं. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. प्रत्येक कंपनीनं ‘क’ला, ‘ख’ला, वेलांटीला आपापले क्रमांक दिले होते आणि ते एकमेकींपासून लपवून ठेवले होते. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली लग्नपत्रिका दुसरीच्यात उघडली, तर नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी चिन्हांचा चिखल दिसायचा. म्हणजे तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच वाचायचं असेल तर त्याच कंपनीच्या दारातून जावं लागे.

आणि त्या दाराला कुलूप होतं. खरोखरचं. त्याला धंद्यात ‘लॉक’ म्हणत. काडेपेटीएवढा करड्या रंगाचा प्लास्टिकचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पिना. तो कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरची वायर जिथं लागते तिथं बसवायचा आणि वायर त्याच्यावर लावायची. लॉक बसवलं तरच सॉफ्टवेअर चालू होई. नाहीतर पडद्यावर एक ओळ यायची की लॉक सापडत नाही, आणि सगळं बंद. लॉकबरोबर तीन भागांचं नोंदणीकार्ड असे. एक भाग गिऱ्हाइकाचा, एक माझा, एक कंपनीचा. तिन्हींवर गिऱ्हाइकाचं नाव, लॉकचा नंबर आणि माझी सही.

मी ही लॉकं अभिमानानं विकली. तांदळाच्या पोत्यांवर छापण्यासाठी मजकूर करून घ्यायला आलेले एक राईस मिलवाले सेठ आठवतात. ‘तांदूळ’ शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “पंडितजी, ये आखिर में क्या उलटा लटका है? सीधा ल कर दो।”

मी म्हटलं, “सेठ, तो मराठीतला ळ आहे. तो काढला तर शब्दच राहत नाही.”

“बोरी चावल से बिकती है, ळ से नहीं।”

मी ळ काढला नाही. दोन दिवसांनी तेच परत आले आणि ळसकट पोती छापून घेतली. अशा गोष्टी मी पाहुण्यांना रंगवून सांगत असे. मला वाटायचं, मराठी अक्षरांचा या जिल्ह्यातला राखणदार मीच आहे. कोणी दबक्या आवाजात विचारलं, “सर, कॉपी भेटन का?”, तर मी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवून म्हणायचो, “चोरीचा माल माझ्याकडं मिळत नाही.”

आजही मी चोरीला चोरीच म्हणतो. ज्यानं रात्रंदिवस बसून प्रोग्राम लिहिला त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, यात मला शंका नाही. माझा राग त्या प्रोग्राम लिहिणाऱ्यावर नाही. तो पगारी माणूस होता, त्याचं नावही कुठं नव्हतं. राग आहे तो विकूनही विकलं नाही म्हणणाऱ्यांवर. खोक्यात एक घडी केलेला इंग्रजी कागद असायचा. मी विक्रेता असून तो तीन वर्षं वाचला नव्हता. वाचला तेव्हा कळलं, की गिऱ्हाइकानं घेतलेली वस्तू त्याची होतच नाही, त्याला फक्त वापरण्याची परवानगी मिळते, आणि ती परवानगी त्या ठोकळ्यात आहे. ठोकळा गेला की परवानगी गेली. आपल्याकडं कपाटाची किल्ली हरवली तर माणूस किल्लीवाल्याकडं जातो. इथं कपाट परत विकत घ्यायचं होतं.

आता शोभाताईंबद्दल.

शोभा टेंभरे माझी विद्यार्थिनी. आमगावकडच्या पवार शेतकऱ्याच्या घरची, लग्न होऊन गोंदियात आली. नवरा राईस मिलमध्ये मशीनवर. चाळीस शब्दांची परीक्षा तिनं पहिल्या झटक्यात काढली, तीही आठवा महिना चालू असताना. तिनं तहसील कचेरीसमोर एका खोलीत टायपिंगचं दुकान टाकलं तेव्हा नारळ मी फोडला आणि पहिलं लॉकही मीच बसवलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, तेरवीचे कागद, काय पडेल ते ती करायची. पण तिचं खरं काम वेगळं होतं.

केशोरीचे एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. त्यांनी वीसेक वर्षं पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतले शब्द गोळा केले होते, विशेषतः धानाच्या, म्हणजे भाताच्या, शेतीतले. प्रत्येक शब्द एका चिठ्ठीवर. त्याचा कोश करायचा होता. दर आठवड्याला ते केशोरीहून बसनं यायचे, कापडी पिशवीतून चिठ्ठ्या काढायचे आणि शोभाताईंच्या बाजूला स्टुलावर बसून भांडायचे. एकदा मी तिथं होतो.

“बाई, बोडी म्हंजे तळं लिवलं का तुनं?”

“तुमच्या चिठ्ठीत तळंच हाये, गुरुजी.”

“माह्या चिठ्ठीत चुकलं असन. तळं साऱ्या गावाचं राहते. बोडी आपल्या बांधीपुरती, आपल्याच धानाच्या तुकड्यापुरती. तळ्यात म्हैस डुंबते, बोडीत बसते. असं लिव.”

“म्हशीले घालू का कोशात?”

“घाल. तिच्याबिगर तुले समजलं का आतापर्यंत?”

तीन वर्षं असं चाललं. तिसरं प्रूफ पडद्यावरच वाचून झालं तेव्हा चिठ्ठ्यांची गोणी केशोरीच्या घरी पडली होती. गुरुजींनीच घरच्यांना सांगितलं, आता सगळं कॉम्प्युटरात आहे, ही रद्दी कायले ठेवता. चिठ्ठ्या चुलीत गेल्या. गुरुजींना मी दोष देत नाही. कागद जळतो आणि कॉम्प्युटर जळत नाही, असंच आम्ही सगळे तेव्हा मानत होतो. मी तर तसं सांगूनच विकत होतो.

मग एका एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, दुपारी वीज पडली. तहसीलच्या मागच्या खांबावरून ती तारेत आली. शोभाताईंचा प्रिंटर गेला आणि त्याच्या वायरवरचं लॉक गेलं. कॉम्प्युटर वाचला. ती लॉक रुमालात गुंडाळून माझ्याकडं घेऊन आली. एका बाजूच्या पिना काळ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, कंपनीकडं पाठवतो, बदलून देतील. तिच्याकडचा नोंदणीकार्डाचा भागही मी पुराव्यासाठी मागून घेतला.

तीन आठवड्यांनी लॉक परत आलं, सोबत पत्र. बाह्य कारणानं खराब झालेलं लॉक बदलून मिळत नाही, ग्राहकानं पूर्ण किमतीत नवीन प्रत घ्यावी. तिच्या खोलीत तिनं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं होतं, तिचं काम त्यात होतं, गुरुजींचा कोश त्यात होता, आणि तिला तो उघडता येत नव्हता. कंपनीकडं तिच्या नावाच्या कार्डाचा तिसरा भाग होता. ती खरी गिऱ्हाईक आहे हे त्यांना माहीत होतं. फोनवर तिथल्या साहेबानं मला सांगितलं, “विजेची हमी आम्ही घेत नाही. आणि तुम्हाला तर कमिशन मिळेल, तुम्ही कशाला तक्रार करता?”

मी फोन ठेवला. दुसरं केलं. माझ्या खणात एक सीडी होती. तिच्यातून सॉफ्टवेअर टाकलं की लॉक लागत नसे. ती मला कोणी चोरानं दिली नव्हती. कंपनीचाच सर्व्हिस इंजिनिअर दौऱ्यावर आला होता, तो देऊन गेला होता. “सर, लॉक में झंझट हो तो ये डाल देना। बस, किसी को बोलना मत।” म्हणजे आपली कुलपं बिघडतात हे कंपनीच्या माणसांना ठाऊक होतं आणि त्यांच्या बॅगेत दुसरी किल्ली असायची. ती फक्त गिऱ्हाइकाला द्यायची नव्हती. मी स्वतः शोभाताईंच्या दुकानात जाऊन ती सीडी टाकली आणि तिच्याकडंच ठेवून आलो. कोश उघडला. माझ्या मनात एवढंच होतं, की लग्नसराई निघून जाऊ दे, मग बघू.

आणि मग मी तिला सल्ला दिला. म्हटलं, गप्प बसू नका, कंपनीला स्मरणपत्रं पाठवत राहा. मराठीत, नीट टाइप करून, व्यवस्थित समासबिमास सोडून. तिनं पाठवली, तीन. तिसऱ्यावर मी स्वतः हात फिरवला. माझे लॉक जळाल्यामुळे मी आपले सॉफ्टवेअर वापरू शकत नाही, तरी बदलून मिळावे, ही विनंती. सुरेख पत्र होतं. कंपनीच्याच अक्षरांत टाइप केलेलं.

लॉक जळालेली बाई कंपनीच्या अक्षरांत पत्र कशी लिहिते, हे ना तिच्या ध्यानात आलं, ना माझ्या. सरकारदरबारी अर्ज म्हटला की तो टाइप केलेलाच हवा, ही सवय मीच तिच्या हाडात भिनवली होती. हातानं लिहिलेला अर्ज मी माझ्या मुलींना कधी देऊ दिला नाही. कंपनीतल्या कोणीतरी ते पत्र वाचलं, हसला असेल, आणि उत्तर देण्याऐवजी वकिलाकडं पाठवलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा इथंच थांबवली होती. पुढं कंपनीबद्दल आणखी दोन पानं होती. एका कचेरीत एका लॉकवर अकरा कॉम्प्युटर चालायचे आणि तिथं कधी कोणी आलं नाही, हे त्यात होतं. पाच-सहा वर्षांत त्याच कंपनीनं तीच अक्षरं सीडीवर फुकट वाटली, हेही होतं. पुढं जगभराच्या कॉम्प्युटरवाल्यांनी मिळून सगळ्या लिप्यांना एकच क्रमांक ठरवले आणि ही सगळी कुलपं भंगारवाल्याच्याही कामाची राहिली नाहीत. ज्या अक्षरांसाठी एका बाईला गुन्हेगार केलं, ती अक्षरं आज शाळकरी पोरगं बसमध्ये उभ्याउभ्या वापरतं. कंपनी तर दुसऱ्या कंपनीत विरघळून गेली. माफी मागायची म्हटली तरी आता मागायला दार नाही. आणि आजच्या कंपन्या त्यापुढं गेल्या आहेत. त्या ठोकळाही देत नाहीत. महिन्याच्या महिन्याला भाडं घेतात, आणि भाडं थकलं की तुमचीच फाइल तुम्हाला दाखवत नाहीत.

गुरुजींनी केशोरीच्या बायांची रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी कॅसेटवर भरून ठेवली होती. त्यातलं एक कोणीतरी इंटरनेटवर टाकलं, तर ते काढून टाकलं गेलं. कुठल्यातरी म्युझिक कंपनीनं म्हणे त्या चालीवर हक्क सांगितला होता. विरोध करायचा तर इंग्रजी फॉर्म, आणि त्यात पहिला प्रश्न, तुम्ही या गाण्याचे मालक आहात काय. चिखलात वाकून गाणाऱ्या बायांना हा प्रश्न कोणी विचारला तर त्या हातातला पऱ्ह्यांचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, जुडा त्याच्या तोंडावर मारतील. पण नियम असा, की दावा करणाऱ्याचं आधी ऐकायचं, गाणाऱ्याचं मग.

हे सगळं मी हातानं लिहून टाइप करायला दिलं. टाइप करणाऱ्या बाईंनी सातव्या पानावर हात थांबवले आणि चष्मा वर केला.

“सर, सात पानं झाली. कंपनी आली, वकील आला, म्युझिकवालेही आले. तुमी कवा येऊन राहिले?”

त्या बाई म्हणजे शोभाताईच. तहसीलसमोरचं ते दुकान अजून आहे.

“येतो,” मी म्हटलं.

“या मंग. मी हाये बसून.”

तर येतो.

छापा पडला तो सोमवारी, बाराच्या सुमारास, तहसीलला सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हा. कंपनीचा एक प्रतिनिधी, पांढऱ्या शर्टातला, सोबत एक फौजदार आणि दोन शिपाई. मला दुकानातून बोलावून नेलं, जाणकार पंच म्हणून. पंच तटस्थ असावा लागतो. मी त्याच कंपनीचा विक्रेता होतो. हे ना फौजदारांनी विचारलं, ना मी सांगितलं. दुसरा पंच बाजूचा झेरॉक्सवाला होता, तो सही करून परत आपल्या मशीनवर गेला.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात अर्जवाले, स्टॅम्पवाले, बघे. शिपाई पंचनामा हातानं लिहीत होता आणि मला विचारत होता, हार्ड डिस्क एक शब्द की दोन. प्रतिनिधीनं कॉम्प्युटरच्या मागं हात घालून दाखवला. “लॉक नहीं है। और सॉफ्टवेअर चालू है। लिख लीजिए।”

फौजदार म्हणाले, “बाई, लॉक कुठाय?”

“जळलं,” शोभाताई म्हणाली. “वीज पडली तवा. कंपनीकडं पाठवलं. यायनंच पाठवलं.” तिनं माझ्याकडं हात केला. “सरले विचारा. माहं कार्डही यायच्याचपाशी हाये.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. प्रतिनिधी माझ्या कानाशी हळूच म्हणाला, “सर, सीडी किसकी है, ये भी पूछेंगे। संभाल के।” त्याला ठाऊक होतं की नुसताच अंदाज होता, मला आजवर कळलेलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं भिंतीवरची फ्रेम आली. जे लॉक आणि कार्ड तिला सोडवू शकत होतं, ते तिथून दोनशे पावलांवर माझ्या खणात होतं.

फौजदारांनी विचारलं, “काय सर, या बाईंना लॉक तुम्ही विकलं होतं?”

मी म्हणालो, “माझ्याकडे यांची कोणतीही नोंद नाही.”

मग फौजदारांनी दुकानात सापडलेली सीडी दाखवून शोभाताईला विचारलं, ही कोणी दिली. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, “बाजारातून आणली.”

“कोणत्या बाजारातून?”

“याद नाही.”

मी पंचनाम्यावर सही केली. कॉम्प्युटर, फ्लॉप्यांचा डबा, सगळं कापडात शिवून, लाखेचं सील लावून नेलं. दारातली माणसं बाजूला झाली. कोणीतरी म्हणालं, “टाइपवाली बाई चोर निघाली.” ते मी ऐकलं. तिनंही ऐकलं.

खटला चालू राहिला. प्रत्येक तारखेला तिचं दुकान बंद. गुरुजी केशोरीहून तारखेला येऊन बाकावर बसायचे. एकदा त्यांनी कारकुनाला विचारलं, “त्याच्यात माहं पुस्तक हाये. ते तं कोनाचं चोरलं नाही. तेवढं काढून घेऊ का?”

कारकून चांगला माणूस होता. म्हणाला, “गुरुजी, तो मुद्देमाल आहे. त्याला हात लावता येत नाही.”

गुरुजी तिथून माझ्या दुकानात आले. पाणी प्यायले. म्हणाले, “तुमी कंपनीचे मानूस. तुमच्या शब्दाले वजन हाये. तुमी सांगसान तं ऐकतीन.”

“प्रयत्न करतो,” मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून केळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. ज्या खणात लॉक होतं, त्या खणाच्या बरोबर वर. मी प्रयत्न केला नाही. ते गेल्यावर खण उघडलासुद्धा नाही.

शेवटी शोभाताईनं गुन्हा कबूल केला. वकिलानं सांगितलं, कबूल करा, दंड भरा, सुटा, नाहीतर दहा वर्षं येत राहाल. कागदावर ती गुन्हेगार झाली. तरीही मुद्देमाल सुटायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर गुरुजी वारले. डिस्क हातात आली तेव्हा सील तसंच होतं आणि आत गंज होता, फ्लॉप्यांवर तर बुरशीच. ती तिनं नागपूरला नेली, कोणी थोडी वाचवून दिली. जे आलं ते इंग्रजी चिन्हांचा चिखल. एका हुशार मास्तरानं स्वतःच्या आवडीनं एक प्रोग्राम लिहून फुकट वाटला होता, त्यातून घातल्यावर अक्षरं परत मराठी झाली. हे काम कंपनीनं केलं नाही, एका मास्तरानं केलं, हे लिहून ठेवतो.

पण कोश आला तो ‘द’पर्यंत. पुढच्या फाइली गेल्या. खळं आहे, चुरणा आहे, तणीस आहे. धान नाही. धुरा नाही, पऱ्हे नाहीत, बांधी नाही, रोवणा नाही. ती बोडी आणि तिच्यात बसलेली म्हैस नाही. धानाच्या मुलखाचा कोश, आणि त्यात धान हा शब्द नाही.

या वर्षी दुकान कायमचं बंद केलं. खण रिकामा करताना लॉक हातात आलं, त्याच रुमालात. शोभाताईचं कार्ड आणि माझं कार्ड, दोन्ही. मी ते घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं रुमाल ओळखला. उघडला नाही.

“आता कायले आणलं, सर?”

मला जे बोलायचं होतं ते मी बोललो. नीट बोलता आलं नाही. ती ऐकत होती आणि एकाचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्जही टाइप करत होती. तो माणूस गेल्यावर म्हणाली, “मले वाटलं तुमी त्या दिवशी घाबरले असान. चार मानसायत मानूस घाबरते. मनलं, सर संध्याकाळी कार्ड घेऊन ठाण्यात येतीन. म्हनून तुमचं नाव नाही घेतलं. नाव घेतलं असतं तं तुमाले येताच आलं नसतं.”

“आणि मी आलो नाही.”

“हाव. मंग दुसऱ्या दिवशीही पाहिली वाट. मंग नाही पाहिली.”

मी म्हटलं, कोर्टात जातो, प्रतिज्ञापत्र देतो. ती म्हणाली, “कोर्टातल्या लोकायनं काई पाहिलं नाही. इथल्या लोकायनं पाहिलं. त्यायले सांगा. दिवाळी अंकात लिवता ना तुमी दरसाल, टायपिंगच्या गमती? हेही लिवा. मी टाइप करून देते.”

म्हणून हा लेख. लॉक आणि दोन्ही कार्डं अंकाच्या संपादकांकडं दिली आहेत, ज्याला पाहायची त्यानं पाहावी. खरेदीदार या रकान्यात माझ्या अक्षरात शोभा टेंभरे असं लिहिलं आहे. शोभा टेंभरे यांनी काही चोरलं नाही. त्यांनी जे विकत घेतलं होतं ते त्यांच्याकडून दोनदा हिरावलं गेलं, एकदा कंपनीनं, एकदा मी. आणि गुरुजींचं धान माझ्या खणात जळलं.

आता एक शेवटची गोष्ट, ती झाली त्याला तास झाला असेल. छाप्याच्या जागी माझ्या हस्तलिखितात वेगळं वाक्य होतं. मी लिहिलं होतं, ‘मी गप्प राहिलो.’ शोभाताई तिथवर आली आणि थांबली.

“गप्प कोठी राहिले, सर? तुमी बोलले.”

मी कागद घेतला, वाक्य खोडलं आणि खरं वाक्य वर लिहिलं. वाटलं, ती आता ते टाइप करेल. तिनं खुर्ची मागं सरकवली. कीबोर्ड माझ्यासाठी जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर करून दिला, कारण मला दुसरी येत नाही, आणि उठून उभी राहिली.

“हे तुमी करा.”

शेकडो मुलींच्या पाठीशी घड्याळ घेऊन मी उभा राहिलो आहे. मिनिटाला तीस शब्द, चूक झाली तर गुण कापायचे. ‘माझ्याकडे यांची कोणतीही नोंद नाही.’ पाच शब्द आहेत. मला ते फार वेळ लागले. ‘नोंद’वरचा अनुस्वार दोनदा राहिला. ती माझ्या मागं उभी होती आणि तिनं घड्याळाकडं पाहिलं नाही. झालं तेव्हा वाकून तिनं ओळ तपासली, शेवटी पूर्णविराम राहिला होता तो स्वतःच्या हातानं दिला, आणि पुढचं पान मागितलं.